मायक्रोलाइटच्या टाकीत नेमकं काय जातं? क्लबचालक, प्रशिक्षक आणि विमानमालकांना खुलं पत्र

प्रति,
मायक्रोलाइट क्लबांचे संचालक, मुख्य प्रशिक्षक, देखभाल करणारे मेकॅनिक आणि विमानमालक

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी: नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्या

स. न. वि. वि.

आपल्या मायक्रोलाइटच्या, म्हणजे एक-दोघांच्या हलक्या विमानाच्या, हँगरमधल्या इंधन नोंदवहीचं शेवटचं पान उघडून पाहावं, ही पहिली विनंती. तिथे 'पेट्रोल, ४० लिटर' एवढंच लिहिलेलं असेल, तर त्या विमानाच्या टाकीत काय आहे हे आपल्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही. दहा वर्षांपूर्वी हे चाललं असतं. आता चालणार नाही, कारण नोंदवहीतला शब्द तोच राहिला आणि पंपावरचं पेट्रोल बदललं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, म्हणजे ई२०, देशात विक्रीला आलं. २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य मुळात २०३० सालासाठी होतं. ते २०२५ मध्येच गाठलं गेलं. उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला आणि कारखान्यांच्या आसवन्यांना याचा फायदा झाला, आणि त्या धोरणाविरुद्ध आमचं काही म्हणणं नाही. आमचं म्हणणं विमानाच्या इंजिनापुरतं आहे. आपल्याकडच्या बहुतेक मायक्रोलाइटना रोटॅक्स या कंपनीचं इंजिन आहे: नव्या विमानांत चार-स्ट्रोक ९१२, जुन्यांत दोन-स्ट्रोक ५०३ किंवा ५८२. ९१२ मालिकेसाठी निर्मात्याने इथेनॉलची कमाल मर्यादा १० टक्के घातली आहे. पंपावरून कॅन भरून आणून थेट टाकीत ओतणारा माणूस त्या मर्यादेच्या दुप्पट इथेनॉल घेऊन धावपट्टीवर जातो, आणि बहुधा त्याला ते माहीतही नसतं.

मोटारीचं इंजिन कुरकुरलं तर गाडी कडेला घेता येते. मायक्रोलाइटच्या बाबतीत खुद्द इंजिनाच्या हस्तपुस्तिकेत निर्माता बजावतो की हे इंजिन अचानक बंद पडू शकतं, आणि सुरक्षित उतरता येणार नाही अशा ठिकाणावरून उडू नका. म्हणून या पत्रात दोन गोष्टी एकत्र मांडतो आहोत: इंजिन बंद पडू नये म्हणून टाकीत काय जावं, आणि तरीही बंद पडलंच तर पुढच्या तीन सेकंदांत काय व्हावं. इंधनाकडे लक्ष दिलं तर दुसऱ्या भागाची वेळ कमी येते, पण तयारी दोन्हींची हवी.

आधी एक गैरसमज. ९१२ यूएलएस या १०० अश्वशक्तीच्या इंजिनाला किमान ९५ ऑक्टेन लागतो. बीएस-६ च्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१ होता, आणि ई२० चा सुमारे ९५ भरतो. त्यामुळे 'ऑक्टेन जमतो, मग ई२० चालेल' असा सल्ला पसरतो आहे. ऑक्टेनचा आकडा फक्त ठोके पडण्याविरुद्धची क्षमता सांगतो. इंधन नळ्यांना काय करेल, पाण्याशी कसं वागेल, हवा आणि इंधन मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण किती पातळ होईल, यातलं काहीही तो सांगत नाही.

मिश्रणापासून सुरुवात करू. पूर्ण ज्वलनासाठी एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. ई२० साठी हा आकडा साधारण १३.५ येतो. आजच्या मोटारीत ऑक्सिजन सेन्सर असतो, संगणक तेवढं इंधन वाढवून घेतो. या इंजिनांवरच्या बिंग कार्ब्युरेटरला यातलं काही कळत नाही. जेटच्या भोकातून जवळजवळ तेवढंच इंधन जातं, आणि मिश्रण सात-आठ टक्क्यांनी लीन, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी असं, होतं. चार-स्ट्रोक इंजिन हे काही काळ सोसतं. दोन-स्ट्रोकमध्ये लीन म्हणजे तापलेला पिस्टन, आणि तापलेला पिस्टन म्हणजे सीझ, इंजिन जागीच अडकणं. ५०३ आणि ५८२ वर एक्झॉस्ट वायूचं तापमान ६५० अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये, आणि ते सर्वांत जास्त कुठे चढतं हे पाहा: फुल थ्रॉटलवर नव्हे, तर लांब उतरणीत अर्धा थ्रॉटल ठेवलेला असताना. तिथे पंख्यावर (प्रोपेलरवर) भार नसतो आणि मिश्रण आणखी लीन होतं. 'चढताना काटा बरोबर होता' म्हणून निर्धास्त राहणाऱ्याचं इंजिन उतरताना अडकतं. यावर स्वतःच्या अंदाजाने मोठा जेट बसवू नये. पुढच्या खेपेला कमी इथेनॉलचं पेट्रोल आलं की तेच इंजिन रिच, म्हणजे जास्त इंधनावर, चालून प्लग काळे पडतील.

ऊर्जेचा हिशेबही बदलतो. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. ई२० मध्ये सुमारे साडेसहा टक्के घट धरा. ४० लिटरच्या टाकीत हे पावणेतीन लिटर साध्या पेट्रोलइतकं होतं, आणि तासाला १५ लिटर पिणाऱ्या इंजिनाला दहा-अकरा मिनिटं कमी मिळतात. अर्ध्या तासाचा राखीव साठा धरणाऱ्याचा एक-तृतीयांश साठा कागदावरच राहिला.

आता पाणी. हा विषय सर्वांत घातक आहे आणि सर्वांत कमी समजलेला आहे. जुन्या पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की ते तळाशी थेंब होऊन बसायचं. ड्रेन उघडला की काचेच्या पेल्यात दिसायचं. इथेनॉल असलं की पाणी त्यात विरघळतं आणि दिसत नाही. नमुना स्वच्छ दिसतो, पाणी शोधण्याची पेस्ट रंग बदलेलच असं नाही, आणि शामॉय चामडं किंवा पाणी अडवणाऱ्या चाळणीच्या फनेलवर भरवसा ठेवता येत नाही. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल १५ अंशांच्या आसपास अर्धा टक्का पाणी पोटात घेतं, म्हणजे ४० लिटरमध्ये २०० मिलिलिटर. ई२० त्याहून जास्त घेतं. तापमान उतरलं की ही क्षमता घटते. नाशिक-धुळ्याकडे जानेवारीत दुपारी ३० अंश आणि पहाटे १० अंशांखाली असा फरक सहज पडतो. अशा पहाटे टाकीतलं मिश्रण फुटतं: इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन खाली बसतात, पेट्रोल वर राहतं. हा खालचा थर चमचाभर नसतो, काही लिटरचा असू शकतो, आणि इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी तळातून निघते. दोन-स्ट्रोकमध्ये त्या थरात ऑइलही जवळजवळ नसतं, म्हणून इंजिन बंद पडण्याआधी कोरडं घासतं. खालचा थर काढून टाकला तरी सुटका नाही, कारण वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन इथेनॉल गेल्यामुळे घसरलेला असतो. फुटलेलं इंधन विमानात वापरायचं नाही, सगळं काढायचं.

इथेच एक सापळा आहे. ई२० मध्ये विरघळलेलं पाणी असताना टाकीत वरून इथेनॉलविरहित इंधन ओतलं, तर इथेनॉलचं प्रमाण कमी होतं, आणि तेवढं पाणी धरून ठेवण्याची क्षमता संपून मिश्रण तिथल्या तिथे फुटू शकतं. चांगलं इंधन मिसळून वाईट सुधारावं हा विचार साहजिक आहे आणि नेमका उलटा पडतो. इंधनाचा प्रकार बदलताना टाकी, गॅसकोलेटर (नळीतलं पाणी आणि गाळ अडवणारा पेला) आणि कार्ब्युरेटरखालचे दोन्ही फ्लोट बाऊल पूर्ण रिकामे करा.

पाणी येतं कुठून? हवेतला ओलावा व्हेंटमधून येतो, पण हळू. खरे मार्ग तीन: फिलर कॅपच्या चिरलेल्या रबरातून पावसाचं पाणी, उघड्यावर ठेवलेला कॅन, आणि पंपाची जमिनीखालची टाकी. पावसाळ्याच्या पहिल्या आठवड्यांत पंपावरून विमानासाठी इंधन घेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

ही तपासणी हँगरमध्ये पंधरा मिनिटांत होते. १०० मिलिलिटरचं, खुणा असलेलं काचेचं मापपात्र आणि घट्ट बूच घ्या. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवून ठेवा. मापपात्रात ५० च्या खुणेपर्यंत मीठपाणी, त्यावर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल. बूच लावून दहा वेळा सावकाश उलट-सुलट करा, मधे बूच सैल करून दाब जाऊ द्या, आणि १०-१५ मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि पाण्याची रेषा वर सरकते. रेषा जितके मिलिलिटर चढली त्याची दुप्पट करून एक मिळवा, तेवढे टक्के इथेनॉल. रेषा ५० वरच राहिली तर इथेनॉल नाही. ६० च्या जवळ गेली तर ते ई२० आहे. ५४ ओलांडली की ते इंधन ९१२ च्या टाकीत घालू नये, एवढा साधा नियम भिंतीवर लिहून ठेवा. ब्राझीलमध्ये इथेनॉलमिश्रित पेट्रोल कित्येक दशकं विकलं जातं, आणि तिथे पंपावर ग्राहकाला हीच चाचणी मागता येते. चाचणी उघड्यावर करा, जवळ चालू इंजिन किंवा विजेचं बटण नको, आणि उरलेलं पाणी गटारात ओतू नका.

मग वापरायचं काय? सप्टेंबर २०२२ पासून १०० एलएल एव्हिएशन गॅसोलीन वडोदऱ्याच्या रिफायनरीत देशातच तयार होतं. त्याआधी ते आयात करावं लागे. त्यात इथेनॉल नसतं, बाष्पदाब कमी असतो, आणि साठवणीत ते टिकतं. महाग आहे, आणि त्यात शिसं आहे. शिशामुळे ९१२ च्या ऑइलमध्ये चिखल साचतो. म्हणून तीस टक्क्यांहून जास्त तास या इंधनावर चालवत असाल तर ऑइल १०० तासांनी बदलण्याऐवजी ५० तासांच्या आत, शक्यतो २५ तासांनी बदला, आणि पूर्ण सिंथेटिक ऑइल टाळा, कारण ते शिसं धरून ठेवत नाही. गिअरबॉक्सचं ऑइल तेच असल्यामुळे चुंबकी प्लग दर वेळी पाहा. प्लगही लवकर बदलावे लागतील. पंपावरचं १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल हा दुसरा मार्ग आहे, पण नोझलवरचं नाव वाचून खात्री मानू नका. प्रत्येक खेपेची चाचणी करा, मगच ओता.

दोन-स्ट्रोकवाल्यांनी ५० ला १ हे प्रमाण मापानेच करावं: २० लिटरला ४०० मिलिलिटर ऑइल. आधी थोड्या पेट्रोलमध्ये ऑइल हलवून घ्या, मग उरलेलं घाला. मिसळलेल्या कॅनवर तारीख लिहा, आणि दोन-तीन आठवड्यांनी उरलेलं विमानात घालू नका. कॅन भरताना तो जमिनीवर ठेवून भरा. पिकअपच्या प्लॅस्टिक अस्तरावर ठेवलेल्या कॅनमध्ये स्थिर वीज साचते आणि नोझल टेकताच ठिणगी पडू शकते.

ज्या विमानात काही महिने ई२० गेलेलं आहे, त्याचं काय? नुसतं इंधन बदलून भागणार नाही. इथेनॉल रबर फुगवतं आणि मऊ करतं, जुन्या टाकीतला चिकटा सोडवतं. सुरुवातीच्या तासांत फिल्टर भरतो तो यामुळेच. दोन्ही कार्ब्युरेटरचे बाऊल उघडा आणि इंधनाची पातळी राखणारे फ्लोट काढून वजन करा: एका कार्ब्युरेटरच्या दोन फ्लोटचं मिळून वजन ७ ग्रॅमपेक्षा जास्त भरलं तर त्यांनी इंधन शोषलेलं आहे. जड फ्लोट बुडतो, बाऊल ओसंडतो, त्या बाजूचे दोन सिलिंडर रिच चालतात आणि इंजिन थरथरतं. त्या थरथरीला पंख्याचा असमतोल समजून पंखाच पुन्हा पुन्हा तपासत बसणं ही नेहमीची चूक. नळी दोन बोटांत दाबून पाहा. चिकट लागली किंवा दाबल्यावर पूर्ववत आली नाही तर बदला. निर्मात्याचा पाच वर्षांचा रबर बदलण्याचा नियम नळ्या, पंप आणि कार्ब्युरेटरचे रबरी सॉकेट या सगळ्यांना लागू आहे, तास कितीही कमी झालेले असोत. हँगरमध्ये उभ्या असलेल्या विमानाचं रबरही म्हातारं होतं. पॉलिएथिलिनची टाकी इथेनॉल सोसते. फायबरग्लासची टाकी असेल तर तिच्यात वापरलेलं रेझिन इथेनॉलला टिकणारं आहे का, हे विमाननिर्मात्याला लेखी विचारा. न टिकणारं रेझिन मऊ होऊन फिल्टरमध्ये येतं आणि कार्ब्युरेटरमध्ये पुन्हा घट्ट होतं.

उन्हाळ्यातला बाष्पाचा अडथळाही याच इंधनाशी जोडलेला आहे. विदर्भात मे महिन्यात ४५ अंशांत उतरून इंजिन बंद केलं की कौलखाली, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाखाली, हवा थांबते आणि पुढची दहा-वीस मिनिटं नळ्या आणखी तापत राहतात. त्याच वेळात पुढचा विद्यार्थी बसतो आणि विमान निघतं. नळीतलं इंधन वाफ होऊन पंप निकामी चालतो. उतरल्यावर कौल उघडा. पुन्हा निघताना विजेचा पंप चालू ठेवा, मध्यम वेगावर इंजिन दोन मिनिटं चालवा, आणि इंधनदाब स्थिर दिसल्यावरच धावपट्टीवर जा. उलट टोक कोकण-गोव्याचं: २० अंशांची दमट सकाळ. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते, ती कार्ब्युरेटरच्या हवेतून घेतली जाते, आणि बाहेर इतकी ऊब असतानाही आत बर्फ धरू शकतो. थ्रॉटल न हलवता आरपीएम हळूहळू उतरत असेल तर आधी बर्फाचा संशय घ्या.

उड्डाणाआधीची तपासणी सगळ्यांना येते, म्हणून जिथे घाई होते तेवढंच लिहितो. इंधनाचा नमुना विमान हलवण्याआधी, रात्रभर उभं असतानाच घ्या. ढकलत बाहेर आणल्यावर तळचं पाणी ढवळलं जातं. नमुना गढूळ किंवा दुधाळ दिसला तर ते इंधन फुटण्याच्या बेतात आहे, त्या दिवशी उड्डाण नाही. ९१२ चं ऑइल पाहण्याआधी मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारी यंत्रणा) बंद असल्याची खात्री करून पंखा चालण्याच्याच दिशेने हाताने फिरवा, ऑइलच्या टाकीतून गुडगुड आवाज येईपर्यंत. उलटा फिरवू नका. टेकऑफची शक्ती देण्याआधी ऑइल किमान ५० अंश हवं. मॅग्नेटो तपासताना ४००० आरपीएमवर घट ३०० पेक्षा जास्त नको, आणि दोन मॅग्नेटोंतला फरक ११५ पेक्षा जास्त नको. इंधनाचा कॉक बंद राहिला तरी बाऊल आणि नळीतल्या इंधनावर इंजिन सुरू होतं, टॅक्सी होतं आणि विमान जमिनीवरून उठल्यावर थांबतं. त्यासाठी कॉक उघडल्यानंतर काही मिनिटं त्याच टाकीवर चालवल्याशिवाय निघू नका. आणि टेकऑफच्या सुरुवातीला फुल थ्रॉटलवरचा आरपीएम त्या विमानाच्या नेहमीच्या आकड्याशी ताडा. तो आकडा कॉकपिटमध्ये चिकटवलेला असावा. दीडशे-दोनशेने कमी दिसला तर थ्रॉटल मागे.

हाच आकडा उन्हाळ्यात पुण्यासारख्या उंचीच्या ठिकाणी आणखी महत्त्वाचा. पुण्याच्या विमानतळाची उंची १,९४२ फूट. ४० अंश तापमानाला तिथली हवा सुमारे ५,४०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के शक्ती जाते, म्हणजे ८० अश्वशक्तीच्या इंजिनाकडून ६७ च्या आसपास मिळतात. दोन भारी माणसं आणि भरलेली टाकी असताना हे विमान पहाटे उडालं म्हणून दुपारी उडेल असं नाही. धावपट्टीच्या मध्यावर खूण करा. तिथे पोचेपर्यंत उठण्याच्या वेगाच्या ७० टक्के वेग आला नसेल तर टेकऑफ सोडून द्यायचा, विचार करत बसायचं नाही.

आता दुसरा भाग, इंजिन थांबल्यानंतरचा. इथे प्रशिक्षकांना उद्देशून लिहितो.

बेंगळुरूत बनलेल्या एक्स-एअरसारखं कापड, नळ्या आणि ताणतारांचं विमान हलकं असतं आणि हवेला प्रचंड अडतं. चढणीत नाक वर असताना शक्ती गेली की दोन-तीन सेकंदांत वेग स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल संपण्याच्या, जवळ येतो. सेसनावर शिकलेल्या वैमानिकाचा हात या वेळात इंजिनाकडे जातो. विमान मात्र स्टिकची वाट पाहत असतं. पहिली कृती एकच: स्टिक पुढे, नाक क्षितिजाच्या बरंच खाली, वेग हातात. चोक, कॉक, पंप, मॅग्नेटो नंतर, आणि उंची असेल तरच. पिपिस्ट्रेल व्हायरससारखं गुळगुळीत विमान याच्या उलट आहे. ते १ ला १५ हून, म्हणजे १ मीटर उतरताना १५ मीटरहून, लांब तरंगतं, आणि त्यावर सवय झालेला कॅडेट जुन्या विमानात बसला की समोरचं शेत आपोआप 'जवळ' समजतो. १ ला ७ तरंगणाऱ्या विमानातून तिथवर पोचता येत नाही. एका प्रकारावरून दुसऱ्यावर जाताना हा बदल हवेत दाखवल्याशिवाय सोलो देऊ नये.

मागे वळून धावपट्टीवर येण्याचा मोह सर्वांत जीवघेणा. हिशेब करून पाहू. वेग ४५ नॉट, बँक (बाजूचा कल) ३० अंश: वळणाची त्रिज्या सुमारे ९५ मीटर. धावपट्टीच्या रेषेत परत यायला १८० अंश पुरत नाहीत, एकूण सुमारे २४० अंश वळावं लागतं. त्याला १७ सेकंद. १ ला ७ च्या विमानाची बँकमधली उतरण सेकंदाला ४ मीटरच्या पुढे. नुसत्या वळणात ७० मीटर, म्हणजे २३० फूट गेले. त्यात दचकण्याचे चार सेकंद, नाक खाली घेताना गेलेली उंची आणि धावपट्टीपर्यंतचं अंतर मिळवा. वर परतीचा वारा पाठीमागून. घाबरलेला माणूस बँक वाढवतो आणि स्टिक ओढतो. ३५ नॉटवर स्टॉल होणारं विमान ४५ अंश बँकेत सुमारे ४२ ला आणि ६० अंशांत जवळपास ५० ला स्टॉल होतं. त्यात वळण लवकर संपवायला रडर जास्त दिला की स्पिन, म्हणजे गरगरत कोसळणं, आणि त्या उंचीवर स्पिनमधून निघायला जागा नसते.

म्हणून प्रत्येक विमानासाठी हा आकडा मोजून घ्या. जमिनीपासून ३,००० फुटांवर, चढणीच्या वेगात थ्रॉटल बंद करा, चार सेकंद मोजा, मग नाक खाली आणि २४० अंश वळा. गेलेली उंची लिहा. त्यावर किमान निम्मी वाढ धरा, कारण आयडलवर फिरणारा पंखा आणि खरोखर थांबलेला पंखा यांचा अडथळा सारखा नसतो, आणि खऱ्या प्रसंगी हात एवढा स्थिर राहत नाही. आलेला आकडा पॅनेलवर लिहा. त्या उंचीच्या खाली इंजिन गेलं तर समोरच, डावी-उजवीकडे ३० अंशांच्या आत. दर टेकऑफच्या आधी विद्यार्थ्याने हे मोठ्याने म्हणावं.

समोर म्हणजे कुठे, तेही शिकवावं लागेल, आणि ते इंग्लंड-अमेरिकेच्या पुस्तकांतून मिळणार नाही. आपल्याकडे उभा ऊस वरून मऊ गालिच्यासारखा दिसतो. तो आठ-दहा फूट उंच असतो, चाकं शेंड्यांत अडकली की विमान नाकावर उलटतं. त्याशिवाय जागा नसेल तर शेंड्यांनाच जमीन मानून कमीत कमी वेगाने बसवा. तोडणी झालेल्या फडात उतरायचं तर सरीच्या लांबीने, आडवं कधीच नाही. वाऱ्याची दिशा त्यापुढे दुय्यम. सांगली-नाशिककडच्या द्राक्षबागा वरून सपाट हिरव्या दिसतात, पण तो तारा आणि अँगलचा मांडव आहे, त्यापेक्षा उभा ऊस पत्करला. मावळ-कोकणात भातखाचरं छोटी आणि बांध पक्के. दोन बांधांमधलं अंतर पुरत नाही, म्हणून तिथे धावपट्टीच्या टोकाला उतरण्याजोगी जागाच नसेल तर त्या दिशेने टेकऑफ करू नये. पाऊस झालेल्या काळ्या मातीत वाफसा येईपर्यंत चाकं रुततात. माळरान आणि मुरमाड पड जमीन सर्वांत चांगली, फक्त कठडा नसलेल्या विहिरी पाहा. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की त्यांच्यामध्ये तार आहेच असं धरा. धावपट्टीच्या दोन्ही टोकांकडचे दोन किलोमीटर दर हंगामात पायी फिरून नकाशा बदला, कारण जूनमधलं मोकळं रान नोव्हेंबरात ऊस असतं.

विमानाला रॉकेटवर उघडणारं पॅराशूट असेल तर पिन काढल्याशिवाय धावपट्टीवर जायचं नाही, आणि उतरल्यावर पिन लावल्याशिवाय कोणाला जवळ येऊ द्यायचं नाही. शेतात पडलेल्या विमानाभोवती पाच मिनिटांत गाव जमतं. न उडालेलं रॉकेट कुठे आहे हे जवळच्या पोलीस ठाण्याला आणि अग्निशमन दलाला आधीच चित्रासह कळवलेलं असावं.

आता मागण्या. क्लबांनी इंधनाच्या नोंदीत तारीख, ठिकाण, प्रकार, चाचणीत आलेली रेषा आणि चाचणी करणाऱ्याची सही एवढे रकाने आजपासून घालावेत, आणि ई२० गेलेल्या प्रत्येक विमानाचे फ्लोट व नळ्या पुढच्या उड्डाणाआधी पाहाव्यात. महासंचालनालयाने मायक्रोलाइटसाठी इथेनॉलची मर्यादा, चाचणीची रीत आणि इंधन बदलतानाची टाकी रिकामी करण्याची पद्धत एका परिपत्रकात सर्व भारतीय भाषांत द्यावी, आणि इंजिन बंद पडल्याच्या प्रत्येक घटनेच्या अहवालात टाकीतल्या इंधनातलं इथेनॉल मोजणं सक्तीचं करावं. हे मोजलंच नाही तर कारणाच्या रकान्यात 'इंजिन बिघाड' लिहिलं जाईल आणि पुढचं विमान त्याच कॅनमधून भरलं जाईल. २०१५ च्या करारात घेतलेल्या १९४ पिपिस्ट्रेल मायक्रोलाइटपैकी ११० एनसीसीसाठी होती, आणि त्यात बसतात ती कॉलेजातली मुलं. त्यांच्यासाठी तरी हे लगेच व्हावं.

तेल कंपन्यांकडे मागणी लहान आहे. १०० एलएल इंधन छोट्या धावपट्ट्यांना २०० लिटरच्या पिंपांत, रास्त वाहतूक खर्चात आणि भरल्याच्या तारखेसह मिळावं. जिथे इथेनॉलविरहित पेट्रोल विकलं जातं, तिथे तसं नोझलवर लेखी असावं आणि ते बदललं तर त्याच दिवशी पाटी बदलावी. चाचणीसाठी लागणारं मापपात्र आणि मीठ आमचं आम्ही आणू.

या पत्रातल्या चाचणीची आणि रकान्यांची एक पानी प्रत कोणत्याही क्लबने हँगरच्या भिंतीवर लावावी, बदलावी, छापावी. परवानगीची गरज नाही.

कळावे,

मायक्रोलाइट उडवायला शिकवणारे आणि त्यांची इंजिनं उघडणारे आपले सहकारी